धावपट्टी कोणी बांधली?



दरवर्षी 26 जुलैला कारगिल विजय दिवस येतो. टीव्हीवर बर्फाचे डोंगर दिसतात, त्यावरून झेपावणारी विमानं दिसतात. मागं एका बचत गटाच्या बैठकीत हे चित्र चालू होतं. तेव्हा एका बाईनं विचारलं, "ताई, एवढ्या बर्फात हे विमान उतरतं तरी कसं? आणि ती लढाई तिकडं कश्मिरात. आपण इथं हळद शिजवणाऱ्या बाया. आपला तिच्याशी काय संबंध?"

बाकीच्या हसल्या, पण मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. आजचं बोलणं त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. गोष्ट श्रीनगरच्या विमानतळाची आहे. त्या गोष्टीतून चालत चालत आपण नाशिकजवळच्या ओझरला जाऊ, कच्छमधल्या भुजला जाऊ, आणि शेवटी कळमनुरीच्या शेजारच्या हदगावला येऊ.

आधी थंडीचं आणि उंचीचं बघू. हिंगोली समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फूट उंच आहे. श्रीनगर आहे सुमारे साडेपाच हजार फुटांवर, आणि लडाखमधलं लेह जवळजवळ पावणेअकरा हजार फुटांवर. जसजसं वर जावं तसतशी हवा विरळ होते. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या दोन तृतीयांशच असतो. म्हणून तिथं उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही. पाणी लवकर उकळतं, पण ते पुरेसं तापलेलं नसतं. कुकर लागतोच.

विमानाचंही तसंच. विमानाला पंखाखाली हवेचा आधार लागतो आणि इंजिनाला जाळायलाही हवा लागते. हवा विरळ झाली की दोन्ही कमी पडतं. मग त्याच विमानाला जास्त लांब धावावं लागतं आणि ओझं मात्र कमी न्यावं लागतं. आपल्याला वाटतं, थंडी ही विमानाची वैरीण असेल. तसं नाही. थंड हवा दाट असते, ती इंजिनाला मानवते. खरी अडचण उंचीची, आणि उंचीवर दुपारचं ऊन पडलं तर ती आणखी वाढते. म्हणून लेहची विमानं शक्यतो सकाळीच ये-जा करतात.

थंडीचा त्रास वेगळाच असतो. पौष महिन्यात आपल्याकडं खोबरेल तेल बाटलीत थिजतं, उन्हात ठेवल्याशिवाय निघत नाही. तिथं यंत्रांतली तेलं घट्ट होतात. पंखावर बर्फाचा पापुद्रा धरला की पंखाचा आकारच बिघडतो, तो काढल्याशिवाय उडता येत नाही. धावपट्टीवरचा बर्फ पुनःपुन्हा हटवावा लागतो. धुकं आलं की समोरचं दिसत नाही. उघड्यावर लोखंडाला हात लावून काम करणाऱ्या माणसाची बोटं बधिर होतात. वैमानिक आकाशात जातो, ते सगळ्यांना दिसतं. पहाटे बर्फ खरवडणारा माणूस कोणाला दिसत नाही.

आता 1947 सालाकडं जाऊ. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. ऑक्टोबरमध्ये टोळीवाल्या हल्लेखोरांनी कश्मीरमध्ये शिरकाव केला आणि ते बारामुल्लापर्यंत आले. महाराजा हरिसिंग यांनी 26 ऑक्टोबरला भारतात सामील होण्याच्या करारावर सही केली. दुसऱ्या दिवशी, 27 ऑक्टोबरच्या सकाळी, दिल्लीहून डकोटा विमानं शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला निघाली. तिथला विमानतळ म्हणजे साधी मातीची पट्टी होती. ती अजून आपल्या ताब्यात आहे की हल्लेखोरांच्या, हेही नक्की ठाऊक नव्हतं. आधी वरून घिरट्या घालून बघा, शंका आली तर उतरू नका, असं त्यांना सांगितलं होतं. विमानं उतरली. त्या तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच मोहिमेत कामी आले.

डकोटा हे माणसं आणि सामान वाहणारं विमान. त्याच्या पाठोपाठ आली हल्ला करणारी विमानं, स्पिटफायर आणि टेम्पेस्ट. दोन्ही दुसऱ्या महायुद्धातली, पुढं पंखा असलेली. टेम्पेस्टच्या पंखांत चार तोफा असत, आणि ते बॉम्ब व रॉकेटंही नेत असे. 7 नोव्हेंबरला श्रीनगरच्या वेशीजवळ शालटेंगला मोठी लढाई झाली. जमिनीवरून सैन्यानं आणि वरून विमानांनी मारा केला, आणि हल्लेखोर मागं हटले. पुढं बर्फ पडला की बनिहालचा घाट बंद होई. तेव्हा बोगदा नव्हता. मग श्रीनगरला पोचायची खात्रीची वाट आकाशातलीच.

या मोहिमेत एक मराठी नाव ठळक आहे. हृषीकेश मुळगावकर. मुंबईत जन्मलेले, 1940 साली हवाई दलात गेलेले. जम्मू-कश्मीरच्या कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळालं. पुढं 1976 ते 1978 ते भारताचे हवाई दलप्रमुख होते. 2015 साली, वयाच्या 94व्या वर्षी ते वारले.

पण मला तुम्हाला दुसऱ्या लोकांबद्दल जास्त सांगायचं आहे, ज्यांना चक्र मिळालं नाही. पूंछ हे गाव वेढ्यात सापडलं होतं. आजूबाजूचे हजारो निर्वासित तिथं आसऱ्याला आले होते. धान्य संपत आलं होतं. विमान उतरवायचं तर पट्टी हवी. ती पट्टी निर्वासितांनी आणि गावकऱ्यांनी हातांनी तयार केली. दगड वेचले, माती सपाट केली. त्या तोकड्या पट्टीवर एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डकोटा उतरवली. मग धान्य, औषधं, तोफा आत आल्या, आणि निर्वासित बाया-पोरं बाहेर काढता आली.

लेहलाही तेच. तिथले अभियंते सोनम नोरबू यांच्या देखरेखीखाली लडाखी गावकऱ्यांच्या श्रमातून धावपट्टी झाली. 24 मे 1948 रोजी मेहर सिंग जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन हिमालयाच्या रांगा ओलांडत तिथं उतरले. त्या विमानात इतक्या उंचीवर लागणाऱ्या सोयी नव्हत्या, आणि मार्गाचा नीट नकाशाही नव्हता. मेहर सिंगांचं धाडस मोठंच. पण खाली पट्टीच नसती तर ते उतरले कुठं असते? म्हणून मी आजच्या बोलण्याला नाव दिलं आहे, धावपट्टी कोणी बांधली?

आता जरा आपल्या घराकडं वळा. याच 1948 साली, सप्टेंबर महिन्यात, आपण कुठं होतो? भारत स्वतंत्र होऊन वर्ष झालं होतं, पण आपण अजून निजामाच्या राज्यात होतो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. हिंगोली जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. रझाकारांच्या भीतीनं लोक गाव सोडून रानात, सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात जात होते. 13 सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात शिरलं आणि 17 सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. तोच आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

त्या पोलीस कारवाईत वरून कोणती विमानं होती माहीत आहे? टेम्पेस्ट. कश्मीरमध्ये लढणारी तीच जात. वर्षभरात एकाच जातीचं विमान हिमालयाच्या बर्फावरही गेलं आणि आपल्या काळ्या रानावरही आलं. म्हणजे "आपला काय संबंध?" या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथंच मिळालं.

इथं एक गोष्ट खरीखुरी सांगायला हवी. लढाई पाच दिवसांत संपली, पण दुःख पाच दिवसांत संपलं नाही. रझाकारांनी आधी अनेक गावांत जुलूम केले होते. कारवाईनंतर मराठवाड्यात अनेक निरपराध मुस्लिम कुटुंबांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती, तिनं गावोगाव फिरून हे बघितलं. दोन्हीकडच्या बायांनी त्यात सोसलं. विमानाची गोष्ट सांगताना जमिनीवरची ही गोष्ट गाळली तर इतिहास अर्धा राहतो.

पुन्हा श्रीनगरला जाऊ. आता साल 1971, महिना डिसेंबर. कश्मीरमध्ये पहिलं युद्ध थांबलं तेव्हा जो करार झाला, त्यामुळं श्रीनगरला लढाऊ विमानं कायमची ठेवलेली नव्हती. युद्ध पेटलं तेव्हा ती खालच्या मैदानातून आणली. आलेले वैमानिक त्या मुलखाला नवे होते. उंचीची सवय नव्हती, आणि कश्मीरच्या कडाक्याच्या हिवाळ्याची तर नव्हतीच. त्यांत होते फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों. त्यांच्याकडं नॅट नावाचं लहानसं विमान होतं, आपल्याच बेंगळुरूच्या कारखान्यात बनलेलं.

14 डिसेंबरच्या सकाळी पाकिस्तानची सहा सेबर विमानं श्रीनगरवर आली. बॉम्ब पडत असतानाच सेखोंनी धावपट्टीवरून झेप घेतली. एकट्यानं ते अनेकांशी भिडले, दोन विमानांवर त्यांनी मारा केला, आणि शेवटी त्यांचं विमान कोसळलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. भारतीय हवाई दलात हा सन्मान मिळालेले ते एकटेच. त्यांचा देह त्या डोंगरांत कधी सापडला नाही.

त्याच महिन्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला, कच्छमध्ये भुजला, काय चाललं होतं ते ऐका. तिथं थंडी नाही, वाळवंट आहे. पण गोष्ट आपल्यासारख्या बायांची आहे म्हणून सांगते. भुजच्या हवाई तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, मराठी अधिकारी. पाकिस्तानी विमानांनी बॉम्ब टाकून धावपट्टी फोडून टाकली. विमानं जागच्या जागी अडकली. दुरुस्तीला माणसं पुरेनात. तेव्हा शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे 300 बाया कामाला आल्या. शेतात राबणाऱ्या, चूल-मूल सांभाळणाऱ्या बाया. धावपट्टी वरून ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी ती शेणानं सारवली. अंगावर हिरव्या साड्या नेसल्या, म्हणजे झुडपांत लपलं की दिसायचं नाही. भोंगा वाजला की झुडपांत पळायचं, विमान गेलं की परत घमेलं उचलायचं. 72 तासांत धावपट्टी तयार झाली आणि विमान उडालं.

अंगण सारवायला आपण कधी शिकलो, ते आपल्यालाही आठवत नाही. त्या कौशल्याला कुणी कौशल्य म्हणत नाही. पण देशाचा हवाई तळ एकदा त्या सारवणानं झाकला गेला आहे. पुढं सरकारनं त्या बायांना 50 हजार रुपयांचं बक्षीस दिलं. ते त्यांनी वाटून घेतलं नाही, गावाच्या समाजमंदिराला दिलं. आज माधापरमध्ये त्यांचं स्मारक आहे.

आता तिसरी वेळ, 1999. आपला हिंगोली जिल्हा त्या वर्षी 1 मे रोजी नव्यानं झाला, आणि त्याच महिन्यात कारगिलचं युद्ध सुरू झालं. घुसखोर हिवाळ्यात डोंगरांच्या माथ्यावर येऊन बसले होते, पंधरा ते अठरा हजार फुटांवर. 26 मेपासून हवाई दलानं मारा सुरू केला. त्या मोहिमेचं नाव होतं 'सफेद सागर'. म्हणजे पांढरा समुद्र, बर्फाचा.

श्रीनगरच्या तळावरून तेव्हा जी विमानं जात होती, त्यांत मिग-27 हे विमान होतं. हे खास जमिनीवरच्या ठाण्यांवर हल्ला करण्यासाठी बनवलेलं विमान. नाकाकडचा भाग खाली उतरता केलेला, म्हणजे वैमानिकाला खालची जमीन नीट दिसावी. पोटाखाली तोफ, पंखांखाली बॉम्ब आणि रॉकेटं. पंख असे, की उड्डाणाच्या वेळी पसरायचे आणि वेग वाढला की मागं मुडपायचे, जशी घार झेप घेताना पंख आवळते. भारतात त्याला 'बहादूर' म्हणत.

आणि हा बहादूर जन्माला आला कुठं? नाशिकजवळ ओझरला. मूळ आराखडा रशियाचा, पण भारतीय हवाई दलाची 165 मिग-27 विमानं ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली. हा कारखाना 1964 सालचा. 1962च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि 1963 साली नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. त्यांच्याच काळात हा कारखाना नाशिकला आला. आधी तिथं मिग-21 बनली, मग मिग-27, आणि नंतर सुखोई-30.

द्राक्षं आणि कांद्याच्या त्या मुलखात आयटीआय शिकलेली पोरं फिटर म्हणून लागली. पत्र्याला पत्रा जोडणं, एकेक रिव्हेट ठोकणं, एकेक तार तपासणं. एका विमानाला हजारो जोड असतात. त्यातला एक सैल राहिला तर वर बसलेल्या माणसाचा जीव जातो. आपण हळद पॉलिश करताना एखादी कुडी बाजूला टाकतो, तेवढी सूट तिथं नाही. कश्मीरच्या बर्फावर जे विमान गेलं, त्यावर मराठी हातांचे ठसे होते.

पण उंचीनं आपला हिशोब दाखवलाच. इतक्या विरळ हवेत विमानांचा जोर कमी होतो. बॉम्बही वेगळ्या वाटेनं पडतात, कारण हवेचा अडथळा कमी असतो. मैदानात बसवलेला नेम डोंगरावर चुकतो. तो पुन्हा बसवावा लागला. दुसऱ्याच दिवशी, 27 मेला, मारा करत असताना एका मिग-27चं इंजिन बंद पडलं. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांना बाहेर उडी घ्यावी लागली, ते पलीकडं पकडले गेले आणि सुमारे आठवड्यानंतर परत आले. त्यांना शोधायला गेलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-21 पाडलं गेलं, ते परत आले नाहीत. त्यानंतरच्या दिवशी एक हेलिकॉप्टर पाडलं गेलं, त्यातले चौघं गेले. पुढं मिराज विमानांनी जास्त उंचीवरून, नेम धरून मारा केला. 24 जूनला टायगर हिलवर त्यांचे बॉम्ब पडले. पण शिखरं शेवटी पायदळाच्या जवानांनीच चढून घेतली. या युद्धात आपले 527 जवान गेले.

याच युद्धात दोन मुलींनी हेलिकॉप्टर उडवलं, फ्लाइंग ऑफिसर गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन. चीता हे छोटं हेलिकॉप्टर. जखमींना आणायचं, सामान पोचवायचं, शत्रू कुठं आहे ते बघून यायचं. युद्धभूमीवर उड्डाण करणाऱ्या आपल्या हवाई दलातल्या त्या पहिल्या दोघी. हवाई दलात मुली वैमानिक म्हणून दाखल होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती.

आता किमतीबद्दल बोलू. ती नेहमी आईच्या पदरात पडते.

मिग विमानांनी देशाची मोठी सेवा केली, आणि त्यांचे अपघातही फार झाले. 2012 साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत आकडे सांगितले. 872 मिग विमानांपैकी 482 विमानं चाळीस वर्षांत अपघातात गेली. त्यांत 171 वैमानिक आणि 39 सामान्य नागरिक मरण पावले. कारणं दोन्ही प्रकारची होती, यंत्रातले दोष आणि माणसाच्या चुका.

2001च्या सप्टेंबरमध्ये राजस्थानातल्या सुरतगडहून रात्री उडालेलं एक मिग-21 कोसळलं आणि फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हे मराठी वैमानिक गेले. चूक वैमानिकाची, असं सांगितलं गेलं. आई कविता गाडगीळ यांनी ते मान्य केलं नाही. वडील अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर. दोघांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला. आपल्या मुलाचं नाव तर धुऊन निघावंच, पण दुसऱ्याच्या मुलाला सुरक्षित विमान आणि चांगलं प्रशिक्षण मिळावं, हे त्यांचं मागणं होतं. त्यांनी पुण्यात मुलाच्या आठवणीत 'जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट' सुरू केली.

काही लोक म्हणतात, असे प्रश्न विचारणं म्हणजे सैन्याचा अपमान. मला तसं वाटत नाही. आपण मूल शाळेत पाठवतो तेव्हा शाळेचं छप्पर गळतं का, हे विचारतो. तो शाळेचा अपमान नसतो. जी आई मुलगा देशाला देते, तिला विमान नीट आहे का, हे विचारायचा हक्क सगळ्यांत आधी आहे. त्या आईनं तो हक्क सोडला नाही, म्हणून ती मला कुठल्याही वीरापेक्षा कमी वाटत नाही.

मिग-27 आता निवृत्त झालं आहे. 27 डिसेंबर 2019 रोजी जोधपूरला त्याचं शेवटचं उड्डाण झालं. मिग-21लाही 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला निरोप दिला गेला. ओझरला बनलेली ही विमानं आता संग्रहालयात, चौकाचौकांत उभी दिसतील. तुम्ही कधी असं विमान पाहिलं तर त्याच्या पत्र्यावरच्या रिव्हेटच्या रांगा जरा जवळून बघा. कुणीतरी त्या एकेक करून ठोकल्या आहेत.

आणि आता आपण हदगावला येऊ. कळमनुरीच्या पलीकडं, नांदेड जिल्ह्यातला तो तालुका. त्यातलं हस्तरा हे गाव. विवेक राम चौधरी यांचं हे मूळ गाव. डिसेंबर 1982 मध्ये ते हवाई दलात लढाऊ वैमानिक झाले. सियाचीनच्या मोहिमेत त्यांनी उड्डाणं केली, कारगिलच्या 'सफेद सागर' मोहिमेतही केली. 2020 साली लडाखच्या सीमेवर चीनशी तणाव होता, तेव्हा लडाख आणि श्रीनगर ज्यांच्या अखत्यारीत येतं त्या पश्चिम विभागाचे ते प्रमुख झाले. 30 सप्टेंबर 2021 रोजी ते भारताचे हवाई दलप्रमुख झाले आणि तीन वर्षांनी त्याच तारखेला निवृत्त झाले. जगातल्या सगळ्यांत उंच, सगळ्यांत थंड रणभूमीवर उडालेला हा माणूस आपल्या शेजारच्या तालुक्यातल्या मातीचा. बैठकीतल्या त्या बाईला मी हेच सांगितलं. संबंध नाही कसा?

आता मुलींसाठी दोन कामाच्या गोष्टी. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, एनडीए. बारावीनंतर तिथं जाता येतं. पूर्वी मुलींना दार बंद होतं. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं ते उघडलं, 2022 साली मुलींची पहिली तुकडी गेली आणि 30 मे 2025 रोजी त्यातल्या 17 जणी बाहेर पडल्या. 2020 साली नागपूरच्या अंतरा मेहता लढाऊ वैमानिक झाल्या, महाराष्ट्रातल्या पहिल्या. हवाई दलात उडायचं असेल तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं, म्हणजे निर्णय दहावीनंतरच घ्यावा लागतो. तयारीसाठी राज्य सरकारची संस्था मुलांना छत्रपती संभाजीनगरला आहे, आणि मुलींसाठी आता नाशिकला सुरू झाली आहे. "पोरीला गणित कशाला?" असं घरात कुणी म्हटलं, तर हे सांगा.

जायलाच पाहिजे, असं मी म्हणत नाही. जोखीम किती असते ते वर सांगितलंच आहे. पण जायचं की नाही हे मुलीनं ठरवावं, बंद दारानं ठरवू नये.

शेवटी तुमच्याकडं एक मागणं आहे. पूंछची पट्टी करणाऱ्या बाया-माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत. माधापरच्या बायांना स्मारक मिळालं, कारण त्या जिवंत होत्या तेव्हा कुणीतरी त्यांना विचारलं. आपल्या जिल्ह्यात 1948 साली समज आलेल्या बाया आज नव्वदीकडं पोचल्या आहेत. रानात कुठं लपलो, भाकरी कशात बांधून नेली, वरून विमान गेलं का, कुणी कुणाला घरात दडवलं, हे सगळं त्यांच्याजवळ आहे. औंढा, वसमत, सेनगाव, कळमनुरी, कुठल्याही गावात असो, तुमच्या गटातल्या एकीनं अशा एका आजीजवळ बसावं. मोबाइलवर तिचं बोलणं टिपून घ्यावं, तिची परवानगी घेऊन. हिंदू असो, मुस्लिम असो, दलित असो, बंजारा असो, जिची जशी आठवण असेल तशी. आपल्या कार्यक्रमात ती ऐकवू.

वैमानिकाचं नाव इतिहासात राहतं, ते राहावंच. धावपट्टी बांधणाऱ्यांचं नाव मात्र आपण विचारलं तरच राहील.